‘आमेन’ लिहिलं की संकट टळतं का? ख्रिस्ती श्रद्धेत ‘देवावर भरवसा’ म्हणजे नेमकं काय?

ही प्रार्थना ७ जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चांगली बातमी कळेल. देव तुमच्या घराचं रक्षण करतोय, खाली ‘आमेन’ लिहा. दुर्लक्ष करू नका.

असे मेसेज तुमच्याही फोनवर कधीतरी आले असतील. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, फॅमिली ग्रुपला त्याने फरक पडत नाही.

कोरोनाच्या काळात अशा मेसेजमध्ये बायबलमधलं ९१ वं स्तोत्र सतत दिसायचं. त्याचं कारणही उघड आहे. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याला रोगराई गाठणार नाही, त्याच्या घराजवळ संकट येणार नाही, असा या स्तोत्राचा आशय आहे. लॉकडाऊनमध्ये घरात बसलेल्या माणसाला याहून मोठा आधार कुठला?

पण हे स्तोत्र रोज म्हणणाऱ्या घरांतही माणसं गेली. मग त्यांचा भरवसा कमी पडला का? देवाने शब्द पाळला नाही का? की आपण त्या शब्दाचा अर्थच वेगळा लावतोय?

हा फक्त धर्मपंडितांचा प्रश्न नाही. ज्या घरात मृत्यू झालाय तिथे जाऊन कुणी ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ म्हणालं, तर त्या माणसांवर काय बेतत असेल, याचा विचार करा. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत ‘देवावर भरवसा’ आणि ‘सुरक्षितता’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, ते समजून घेऊया.

आधी शब्द समजून घेऊ

बायबलचा जुना करार प्रामुख्याने हिब्रू भाषेत आहे. त्यात भरवसा ठेवण्यासाठी ‘बाताख’ हे क्रियापद येतं आणि निर्धास्तपणासाठी ‘बेताख’ हा शब्द येतो. दोन्हींचं मूळ एकच. म्हणजे त्या भाषेत भरवसा आणि सुरक्षितता हे एकाच घरातले शब्द आहेत.

‘आमेन’चंही तसंच. हा शब्द ज्या हिब्रू मूळापासून आला, त्याचा अर्थ पक्कं असणं, टिकून राहणं, भरवशाचं असणं असा आहे. त्याच मूळापासून विश्वास, निष्ठा या अर्थाचा ‘एमूना’ हा शब्द तयार झाला. म्हणजे ‘आमेन’ म्हणणारा माणूस ‘हे पक्कं आहे, मी यावर उभा आहे’ असं म्हणत असतो. माझं काम करून टाक, असा त्याचा अर्थ होत नाही.

मराठी बायबलमध्ये ‘भरवसा’सोबत ‘भाव ठेवणे’ असाही शब्दप्रयोग येतो. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भाव म्हणजे व्यवहार नव्हे, नातं. पुढचं सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

सैतानाच्या तोंडी आलेलं स्तोत्र

आता पुन्हा ९१ व्या स्तोत्राकडे येऊ. नव्या करारात हे स्तोत्र एका महत्त्वाच्या प्रसंगात येतं. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांच्या चौथ्या अध्यायात तो प्रसंग आहे.

येशू रानात ४० दिवस उपाशी राहिल्यानंतर सैतान त्याची परीक्षा घेतो. तो त्याला यरुशलेमच्या मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि सांगतो, खाली उडी मार, देवदूत तुला झेलतील. पुरावा म्हणून तो शास्त्रवचन देतो. ते वचन ९१ व्या स्तोत्रातलंच आहे.

म्हणजे ज्या स्तोत्राचा आपण सुरक्षाकवच म्हणून सर्वाधिक वापर करतो, ते बायबलमध्येच एकदा सैतानाच्या तोंडी आलंय. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, अशा अर्थाचं दुसरं शास्त्रवचन तो उत्तरादाखल देतो.

यावरून ख्रिस्ती विचारात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. संकट आल्यावर देवाला धरून राहणं हा भरवसा. देव वाचवणारच म्हणून मुद्दाम उडी मारणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसू शकतात, त्यामुळे गोंधळ होतो.

एक सुटला, एक गेला

बायबलमध्ये देवाने माणसांना वाचवल्याच्या गोष्टी भरपूर आहेत. दानीएल सिंहांच्या गुहेतून बचावतो. पेत्र तुरुंगातून सुटतो. उपदेशांमध्येही याच गोष्टी जास्त ऐकायला मिळतात.

पण पेत्राच्या सुटकेची गोष्ट ज्या अध्यायात आहे, त्याची सुरुवात बघा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. तिथे आधी हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि मग पेत्राला पकडतो. पेत्र सुटतो, याकोब मेलेला असतो. दोघंही येशूचे जवळचे शिष्य. याकोबाचा विश्वास कमी होता, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची मोठी यादी आहे. त्यात विश्वासाने तलवारीपासून वाचलेले आहेत आणि तलवारीने मारले गेलेलेही आहेत. दोघंही एकाच यादीत, एकाच मानाने.

दानीएलच्या पुस्तकातल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तीन तरुणांचं उत्तर तर आणखी स्पष्ट आहे. मूर्तीला नमन करा, नाहीतर जळत्या भट्टीत टाकीन, असं राजा धमकावतो. आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही नमन करणार नाही, अशा अर्थाचं उत्तर ते देतात. ‘नाही सोडवलं तरी’ या शब्दांत भरवशाची ख्रिस्ती व्याख्या जवळपास येऊन जाते.

आणि येशूचं काय? गेथशेमाने बागेत तो हे दुःख टळावं म्हणून प्रार्थना करतो. ते टळत नाही. मत्तय आणि मार्क सांगतात की वधस्तंभावर त्याने देवाने आपल्याला का सोडलं असा आक्रोश केला. ते शब्द २२ व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत. त्याच्या लगेच पुढचं २३ वं स्तोत्र म्हणजे देवाला मेंढपाळ म्हणणारं, जगातलं बहुधा सर्वांत लाडकं स्तोत्र. आक्रोश आणि निर्धास्तपणा शेजारीशेजारी आहेत.

त्या २३ व्या स्तोत्रातही काळोखी दरी आहेच. ती वाटेत येणार नाही, असं मेंढपाळ म्हणत नाही. त्या दरीतून जाताना तो सोबत असतो. ख्रिस्ती परंपरेत ‘सुरक्षितता’ या शब्दाचा गाभा हा आहे: काही वाईट होणार नाही, ही हमी तिथे नाही. जे होईल त्यात तू एकटा नसशील, ही आहे.

मग डॉक्टरकडे जायचं की प्रार्थना करायची?

हा प्रश्न ५०० वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग शहरात प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवलं गेलं. मार्टिन ल्यूथर मात्र गरोदर पत्नीसह तिथेच राहिला आणि त्याच्या घराचं जणू रुग्णालय झालं.

त्याच काळात ब्रेस्लाव शहरातल्या धर्मगुरूंनी त्याला विचारलं होतं, साथ आली तर ख्रिस्ती माणसाने पळून जावं का? ल्यूथरने उत्तरादाखल मोठं पत्र लिहिलं. ते आज वाचलं तर २०२० मधल्या सरकारी सूचना आठवतात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मी प्रार्थना करीन, पण घराला धुरी देईन, औषध घेईन आणि देईन, गरज नसेल तिथे जाणार नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मात्र जाईन. धर्मगुरू, अधिकारी, डॉक्टर अशा जबाबदारीच्या माणसांनी जागा सोडू नये. ज्यांच्यावर कुणी अवलंबून नाही त्यांनी गाव सोडलं तर ते पाप नाही.

औषध नाकारून ‘देव बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना ल्यूथर भरवशाची माणसं मानत नाही. ते देवाची परीक्षा पाहतात, असं तो म्हणतो. म्हणजे मंदिराच्या टोकावरचीच गोष्ट.

कॅथलिक बायबलमध्ये बेन सीराच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखा, तोही देवानेच दिलाय, असं सांगतो. त्यामुळे ‘खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असं कुणी तुम्हाला सांगत असेल, तर तो ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहातला सल्ला नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

केडगावात झालेला प्रयोग

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात जाऊ. इथल्या केडगावात पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’ आहे आणि ते आजही सुरू आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. आई, वडील आणि मोठी बहीण, तिघंही गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे भाऊही गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच पती बिपिनबिहारी यांचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती. रमाबाईंचं वय तेव्हा २३-२४.

म्हणजे ‘देव सांभाळेल’ हे वाक्य ज्या बाईने सहज म्हणावं अशी परिस्थिती त्यांची कधीच नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांसाठीची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला नेली. शाळेच्या खर्चासाठी अमेरिकेत एक संस्था उभी राहिली होती आणि तिने १० वर्षं मदत करण्याचं कबूल केलं होतं.

ती मुदत संपत आली असतानाच, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. शहाणपण सांगत होतं की आहे ती शाळा सांभाळा. पण दुष्काळ काय असतो, हे रमाबाईंना माहीत होतं. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर ‘मुक्ती’तली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्यांना खायला कुठून आणणार? रमाबाईंनी लिहून ठेवलंय की त्या काळात त्या जॉर्ज म्युलर यांच्याविषयी वाचत होत्या. म्युलर यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ पासून अनाथाश्रम चालवले. पुढे तिथे एका वेळी दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. कुणाही माणसाकडे थेट पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असा त्यांचा नियम होता. हे भारतात शक्य आहे का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. मग त्यांनी तो मार्ग धरला.

इथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत.

एक, म्युलर हिशोबाला अतिशय काटेकोर होते आणि दरवर्षी अहवाल छापायचे. ते अहवाल वाचूनच लोक देणग्या देत होते, मग न मागता मिळालं असं कसं म्हणायचं, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती टीका रास्त आहे की नाही, हे तुम्ही ठरवा. पण भरवसा म्हणजे हिशोब न ठेवणं, असं म्युलर यांना वाटत नव्हतं, एवढं नक्की.

दोन, केडगावात प्रार्थनेच्या जोडीला प्रचंड काम होतं. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि फळबागा झाल्या, विणकाम सुरू झालं, छापखाना निघाला, अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. ‘देव देईल’ म्हणून ‘मुक्ती’त कुणी हातावर हात ठेवून बसलं नाही.

रमाबाईंवर टीकाही झाली आणि ती लपवण्याचं कारण नाही. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, या आरोपावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुष्काळातल्या निराधार मुलींनी धर्म बदलला तो किती स्वेच्छेने, हा प्रश्न आजही अभ्यासक विचारतात.

पण आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांत दिसतं. ज्या मनोरमेकडे त्या संस्थेची धुरा सोपवणार होत्या, ती १९२१ मध्ये गेली. वय अवघं ४०. त्या मायलेकींचा भरवसा कमी होता, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

त्यानंतरही रमाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं हे काम त्या अनेक वर्षं करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचं बायबल त्यांच्या मागे, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

पगार सोडणारे टिळक, संसार चालवणाऱ्या लक्ष्मीबाई

दुसरं उदाहरण घरातलं वाटेल असं आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करू लागले. ख्रिस्तावर त्यांनी अभंग लिहिले, देवाला आई म्हटलं. वारकरी संतांच्या भाषेत त्यांनी ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा बंधुभावाचा नवा प्रयोग सुरू केला. पगाराची हमी नको, देवाची पुरे, असा तो पवित्रा होता. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये ते वारले.

पण ही गोष्ट फक्त टिळकांच्या बाजूने पाहिली तर अर्धीच कळते. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं की दुसरी बाजू दिसते. हातातले पैसे गरजूला देऊन मोकळा होणारा नवरा आणि चुलीवर काय ठेवायचं याचा विचार करणारी बायको. लक्ष्मीबाईंचीही श्रद्धा होतीच. नवऱ्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या वेगाने, त्या ख्रिस्ती झाल्या. पण एकाचा भरवसा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो, हे त्या पुस्तकातून हसतहसत कळतं. ‘देव बघून घेईल’ असं घरात कुणी म्हणतं, तेव्हा प्रत्यक्षात कोण बघून घेतंय, हेही विचारायला हवं.

सगळे ख्रिस्ती एकच मानतात का?

नाही. ‘सुरक्षितता’ म्हणजे मृत्यूनंतर आपलं काय होणार याची खात्री, असाही एक अर्थ आहे आणि त्यावर शतकानुशतकं वाद झाले.

कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट म्हणतात की देवाने धरलेला हात तो सोडत नाही, म्हणून ही खात्री बाळगता येते. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न जगण्यात आणि मरण्यात तुझा एकमेव दिलासा काय, असा आहे. मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे, असा उत्तराचा गाभा आहे.

कॅथलिक चर्चने मात्र ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये सावध भूमिका घेतली. देवाच्या दयेवर पूर्ण आशा ठेवा, पण आपण तरलोच असं कुणी स्वतःविषयी छातीठोकपणे सांगू नये.

मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांच्यासाठी हा प्रश्न समुद्रात उभा राहिला. जानेवारी १७३६ मध्ये ते इंग्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर होते. वादळात जहाजाचं मोठं शीड फाटलं, प्रवासी किंचाळू लागले. जहाजावरचे जर्मन मोरेव्हियन पंथाचे लोक मात्र, बायकामुलांसह, शांतपणे भजन गात राहिले. वेस्ली स्वतः धर्मगुरू होते, पण आपल्याला मरणाची भीती वाटतेय आणि यांना नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. मोरेव्हियनांना वादळ थांबेल याची खात्री नव्हती. वादळ थांबलं नाही तरी चालेल, अशी त्यांची तयारी होती.

‘विश्वास ठेवा, श्रीमंत व्हा’ हे कुठून आलं?

मग यूट्यूबवर दिसणारे, विश्वास ठेवा आणि गाडी-बंगला मिळवा असं सांगणारे उपदेशक कोण? या विचाराला ‘प्रॉस्पेरिटी गॉस्पेल’, म्हणजे समृद्धीचं शुभवर्तमान, म्हणतात. विसाव्या शतकात अमेरिकेत तो वाढला आणि टीव्हीमुळे जगभर पसरला. खरा विश्वास असेल तर आरोग्य आणि पैसा मिळतोच, दान हे बी आहे आणि त्याचं पीक येतं, असं त्याचं सूत्र आहे. अनेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट नेत्यांनी त्यावर कडक टीका केली आहे.

या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या केट बोलर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक आहेत. २०१५ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांना चौथ्या टप्प्याचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. घरी लहान मुलगा होता. त्यानंतर त्यांनी २०१८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. ‘प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी कारण असतं’ यासारख्या वाक्यांना त्यांनी शीर्षकातच ‘मला आवडलेली खोटी वाक्यं’ अशा अर्थाने संबोधलं. त्यांनी श्रद्धा सोडली नाही. श्रद्धेने सगळं आपल्या हातात राहतं, ही समजूत सोडली.

या सूत्राचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे. विश्वासाने यश मिळत असेल, तर अपयश हा अविश्वासाचा पुरावा ठरतो. आजारी माणसाला मग दोन दुखणी होतात, एक शरीराचं आणि दुसरं अपराधीपणाचं.

मानसशास्त्र काय सांगतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात माणसं श्रद्धेचा आधार कसा घेतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तीन पद्धती मांडल्या.

पहिली, देवाने मला बुद्धी दिलीय, आता मीच निभावतो. दुसरी, सगळं देवावर सोडतो, मी काही करत नाही. तिसरी, देव आणि मी मिळून करतो. बऱ्याच परिस्थितींमध्ये तिसऱ्या पद्धतीचा माणसाला जास्त उपयोग झालेला दिसतो. जिथे हातात काहीच नसतं, तिथे देवावर सोडून देण्यानेही आधार मिळू शकतो.

पण श्रद्धेची दुसरी बाजूही पार्गामेंट यांनी दाखवली. देव मला शिक्षा देतोय, देवाने मला टाकलं, असं वाटत राहणं माणसाला त्रासदायक ठरतं. रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्कर रुग्णांवरचा त्यांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा मानसिक संघर्ष चालू असलेल्यांमध्ये पुढच्या काळातला मृत्यूचा धोका अधिक आढळला होता. एका अभ्यासावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण आजारी माणसासमोर ‘ही देवाची शिक्षा’ म्हणण्याआधी दोनदा विचार करावा, एवढं तर नक्की म्हणता येईल.

मग मागणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं अर्पण करतात. दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला मूल, कुणाला व्हिसा. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकरी मागितलेली आहे.

ख्रिस्ती परंपरा मागायला मनाई करत नाही. मागणी मान्य झाली नाही तर नातं तुटलं, असं मात्र ती मानत नाही. संत पौलाने आपलं एक दुखणं जावं म्हणून तीनदा विनवणी केली, असं तो स्वतःच करिंथकरांना लिहितो. ते गेलं नाही. पौलाने ना विनवणी लपवली, ना नकार.

रागावणंही चालतं. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग तक्रारींचा आणि विलापाचा आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. त्यामुळे ‘रडू नकोस, विश्वास ठेव’ असं सांगणाऱ्यांपेक्षा शेजारी बसून रडणारा माणूस बायबलच्या जास्त जवळचा आहे.

पुढचा फॉरवर्ड आल्यावर काय कराल?

२७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या पावसात भिजलेल्या, रिकाम्या चौकात एकटे उभे होते. त्या दिवशी वाचलेला उतारा वादळात सापडलेल्या होडीचा होता. शिष्य घाबरलेत आणि येशू होडीत झोपलाय. पुढे तो वादळ शांत करतो, हे खरं. पण त्याआधी बराच वेळ वादळ आणि येशू दोघंही होडीत आहेत.

पुढच्या वेळी ‘आमेन लिहा, संकट टळेल’ असा मेसेज आला, तर तीन प्रश्न विचारून बघा. हा मेसेज मला आधार देतोय की घाबरवतोय? तो मला औषध, डॉक्टर, कष्ट यांपासून दूर नेतोय का? आणि ज्याचं संकट टळलं नाही, त्याने तो वाचला तर त्याला काय वाटेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वाईट वाटेल’ असं येत असेल, तर फॉरवर्ड करू नका. त्याऐवजी ज्याच्या घरी संकट आहे त्याला फोन करा. जमलं तर डबा घेऊन जा.